दुसरी नोकरी हातात नसताना बँकेची नोकरी सोडावी का?

दारणाकाठ (प्रश्न)

मी ३६ वर्षांचा असून नाशिकमध्ये एका खासगी बँकेच्या शाखेत उपव्यवस्थापक आहे. येत्या १५ नोव्हेंबरला येथे पाच वर्षे पूर्ण होतील. मार्चअखेर आटोपल्यावर दोन दिवसांची रजा काढून सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसलो आणि इतकी धडधड सुरू झाली की कराडला उतरून दवाखाना गाठावा लागला. ईसीजी व्यवस्थित आला. तिथल्या डॉक्टरांनी एवढेच विचारले, "झोप किती तास होते?" मला सांगता येईना.

कामाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. सकाळी साडेआठला पहिला कॉन्कॉल, म्हणजे फोनवरची सामूहिक बैठक, आणि संध्याकाळी साडेसातला दुसरा असतो. कोणी किती खाती उघडली आणि विम्याचा किती हप्ता आणला, हे सर्वांच्या देखत वाचून दाखवले जाते, आणि ज्याच्या नावापुढे शून्य असेल त्याला त्या शून्याचे कारण द्यावे लागते. कष्टाची मला तक्रार नाही. पूर्वी तीन वर्षे एका वित्तसंस्थेत वसुलीचे काम केले आहे, त्यामुळे लोकांची बोलणी ऐकण्याची सवय आहे. परंतु फेब्रुवारीत एक निवृत्त एसटी वाहक नऊ लाखांची मुदत ठेव नूतनीकरणासाठी घेऊन आले आणि त्यांना मी दरवर्षी दीड लाखाचा हप्ता असलेली विमा पॉलिसी दिली. हप्ता पाच वर्षे भरावा लागतो हे त्यांना नीट कळले नव्हते, आणि ते कळलेले नाही हे मला कळत होते. आठ दिवसांनी मीच त्यांना फोन करून, पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते, असे सांगितले. त्यांनी ती परत केली. परत आलेली पॉलिसी शाखेच्या खात्यातून वजा होते, त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्या वजाबाकीचा जाब मलाच द्यावा लागला. रात्री झोप लागत नाही ती त्या जाबामुळे की त्या आधीच्या विक्रीमुळे, हे माझे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता हिशेब. हातात ७१,००० रुपये येतात. गुंतवणूक थांबवली तरी घराला महिना ६३,६०० रुपये लागतात, आणि त्यात गृहकर्जाचा हप्ता २०,१०० रुपयांचा आहे. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिला १८,००० मिळतात. ठेवी ३ लाख ४० हजारांच्या आहेत आणि म्युच्युअल फंडात २ लाख १० हजार आहेत. म्हणजे महिन्याची तूट ४५,६०० धरली तर बारा महिने निभाव लागावा. मुलगी दुसरीत आहे. आई-वडील गावी असतात. वडील ६९ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे.

दुसरी नोकरी शोधायला कॉन्कॉलच्या मधे वेळ मिळत नाही, आणि वेळ मिळाला तरी मुलाखतीला बसण्याचे त्राण नसते. सूचना कालावधी (नोटीस पिरियड) नव्वद दिवसांचा आहे. सरळ राजीनामा द्यावा का?

माजी शाखाधिकारी

मीही असाच बाहेर पडलो होतो आणि अकरा महिने घरी होतो. त्यामुळे उपदेश करत नाही, काय घडले ते सांगतो.

पहिली चूक ही की, मी राजीनाम्याचा विचार "देऊ की नको" एवढाच केला, तारखांचा विचार केला नाही. तुम्ही राजीनामा द्याल त्या दिवशी बेकार होणार नाही. त्यानंतर नव्वद दिवस पगार चालू राहील, आणि शोधासाठी मला लाभलेला सर्वांत चांगला काळ तोच होता. नव्वद दिवसांच्या सूचनेवर असलेला माणूस घ्यायला पुष्कळ ठिकाणी नाखूश असतात, कारण त्याची तीन महिने वाट पाहावी लागते. ज्याचे पन्नास दिवस सरले आहेत आणि बाहेर पडण्याची तारीख ठरलेली आहे, त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. मला हे उशिरा समजले, कारण ते तीन महिने मी उत्तराधिकाऱ्याला फायली समजावण्यात आणि वरिष्ठांची नाराजी काढण्यात घालवले. राजीनामा दिलेल्या माणसाने कॉन्कॉलला मान खाली घालून बसण्याचे काही कारण नसते, परंतु सवय लवकर जात नाही.

दुसरी चूक घरची होती. सोसायटीत कळू नये म्हणून पहिले दोन महिने मी रोज सकाळी डबा घेऊन निघत असे आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसत असे. त्या दोन महिन्यांत ओळखीच्या एकाही माणसाला मी "काम शोधतो आहे" असे म्हणालो नाही, आणि पुढे जे काम मिळाले ते अखेर ओळखीतूनच मिळाले. एका सहकारी पतसंस्थेला कर्जाच्या फायली तपासणारा माणूस हवा होता. पगार आधीच्या पगाराच्या पाऊणपट आहे, आणि संध्याकाळी सहाला कुलूप लागते.

मुलाखतीत मधल्या रिकाम्या काळाबद्दल विचारतात, परंतु आपण समजतो तितके खोलात कोणी जात नाही. "विक्रीच्या उद्दिष्टांचे काम मला करायचे नव्हते, कर्ज-तपासणीकडे वळायचे होते, म्हणून थांबलो," एवढे एक वाक्य मला सगळीकडे पुरले. आधीच्या बँकेबद्दल मात्र एक वाईट शब्द काढला नाही.

तुमच्या हिशेबाबद्दल एक शंका आहे. ते गृहकर्ज बँकेच्या कर्मचारी सवलतीचे आहे का? तसे असेल तर तुमचे बारा महिने बारा राहणार नाहीत. मंजुरीपत्र काढून वाचा. नोकरी सुटताच सवलतीचा व्याजदर जाऊन बाजारभावाचा दर लागतो, असे कलम त्यात बहुधा सापडेल. सणाची उचल किंवा कर्मचारी वैयक्तिक कर्ज असेल तर ते अखेरच्या हिशेबातून एकरकमी कापून घेतात. माझ्या हातात अखेरचा म्हणून पडलेला आकडा पाहून मी तो दोनदा मोजला होता.

रोखठोक

नोकरी असतानाच नोकरी मिळते. दोन महिने दात-ओठ खाऊन काढा, मिळेल ते घ्या आणि मग राजीनामा द्या. घरावर कर्ज आणि वडिलांना स्टेंट असताना रिकाम्या हाताने बाहेर पडणे याला मी धाडस म्हणणार नाही.

हिशेबनीस

मी एका कारखान्याच्या कार्मिक विभागातून निवृत्त झालो आहे. राजीनामे स्वीकारण्यात आणि अखेरचे हिशेब करण्यात तीस वर्षे गेली, तेव्हा माझे लक्ष आधी तुमच्या १५ नोव्हेंबरकडे गेले.

ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी सेवा-उपदानासाठी, कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांची सलग सेवा लागते. २०२५ च्या २१ नोव्हेंबरपासून १९७२ चा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, आणि तेव्हापासून "आता एका वर्षातच ग्रॅच्युइटी मिळते" असे अनेक जण सांगत फिरतात. ती सवलत मुदतबंद करारावरच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. तुमच्यासाठी पाच वर्षांची अट कायम आहे. रक्कम काढण्याची रीत सोपी आहे. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेला पंधराने गुणून सव्विसाने भागावे आणि पूर्ण झालेल्या वर्षांनी गुणावे. तुमचे मूळ वेतन ३८,००० च्या आसपास असेल, असे हातात येणाऱ्या रकमेवरून मी धरतो. तसे असल्यास पाच वर्षांचे सुमारे १ लाख ९ हजार रुपये होतात. तुमच्या घराची दोन महिन्यांची तूट त्यातून भागते.

आज राजीनामा दिलात तर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुटाल, म्हणजे चार वर्षे आणि आठ महिने. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावे, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय आहे आणि त्याचा आधार घेता येतो. परंतु बँकेच्या कार्मिक विभागाने तो मान्य केला नाही, तर तुम्हाला संहितेखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून भांडावे लागेल, आणि ते तुम्ही रिकाम्या खिशाने करत असाल. त्याऐवजी १७ ऑगस्टला, सोमवार आहे, राजीनामा दिलात तर नव्वद दिवस १५ नोव्हेंबरला भरतात. एवढ्या काठावर राहू नये. पत्रात शेवटचा दिवस २० नोव्हेंबर असा स्पष्ट लिहावा आणि त्याला लेखी मान्यता घ्यावी, कारण काही ठिकाणी राजीनामा हातात पडताच माणसाला लवकर मोकळे करतात.

चार महिने आणखी काढवतील का, हे मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला नाही. झोप आणि धडधड यांसाठी मानसोपचारतज्ज्ञाला एकदा भेटा आणि आजारपणाची रजा शिल्लक असेल तर प्रमाणपत्रासह दोन आठवडे आधी घ्या. कामाच्या ताणाने येणाऱ्या या थकव्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात केली आहे, अर्थात रोग म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. रात्री-अपरात्री फारच जड झाले, तर १४४१६ ही टेलिमानसची शासकीय दूरध्वनी सेवा निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येते. माझ्या काळात माणसे या कारणासाठी रजा मागायला लाजत आणि मग एके दिवशी यायचीच बंद होत. तसे तुम्ही कदापि करू नका. न सांगता गैरहजर राहिलेल्याला कार्यमुक्तीपत्र मिळत नाही, आणि पुढची बँक पार्श्वभूमी तपासताना पहिल्यांदा तेच मागते.

भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका. आधीच्या वित्तसंस्थेतला निधी याच खात्यात वर्ग केला आहे का ते पाहा. केला असेल तर दोन्ही सेवा जोडून पाच वर्षे केव्हाच झाली आहेत, आणि नसेल तर आधी तो वर्ग करा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो. शिवाय निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि तुमची आठच्या आसपास आहे, ती तोडण्यात शहाणपण नाही. नोकरी नसली तरी शिलकीवर व्याज चालू राहते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट, वडिलांचा विमा. बँकेचा सामूहिक आरोग्य विमा तुमच्या शेवटच्या दिवशी संपेल. त्यानंतर नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर मधुमेह आणि हृदयविकार यांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ (त्या आजारांचा खर्च न मिळण्याचा काळ) लागू शकतो, किंवा प्रस्तावच नाकारला जाईल. त्याऐवजी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागावे. सामूहिक विम्यात काढलेली वर्षे तेव्हा जमेस धरतात. कंपनी तपासणी करील, हप्ताही बराच सांगेल, पण अर्ज संरक्षण संपण्यापूर्वी गेला पाहिजे. वडिलांनी सत्तरी गाठली की उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ते सर्व ज्येष्ठांना लागू आहे. महात्मा जोतीराव फुले योजनाही आता शुभ्र शिधापत्रिकेवर मिळते. दोन्हींचा उपयोग यादीतल्या रुग्णालयांतच होतो, तेव्हा सांगली-मिरजेतली कोणती रुग्णालये यादीत आहेत ते आधी पाहून ठेवा.

राजीनाम्याचे पत्र दोन ओळींचे असावे. कारणे लिहू नयेत. वरिष्ठांनी दिलेल्या लेखी सूचनांची नोंद स्वतःजवळ जरूर असू द्या, मात्र ग्राहकांची कोणतीही माहिती घरी आणू नका. त्यातून उलट तुमच्यावरच बालंट येते. वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतरचे वेतन दोन कामकाजी दिवसांत मिळायला हवे, तरीही घरचा हिशेब करताना ते दीड महिन्याने येईल असे धरा.

माजी शाखाधिकारी

रोखठोक यांचे म्हणणे ज्याला रात्री झोप येते त्याला लागू पडते. मी चार मुलाखती नोकरीत असताना दिल्या होत्या आणि चारही ठिकाणी पडलो, कारण समोरचा प्रश्न विचारत असताना माझे लक्ष खिशातल्या थरथरणाऱ्या मोबाइलवर असे. "मिळेल ते घ्या" या सल्ल्यात आणखी एक धोका आहे. दारणाकाठ यांना जे मिळेल ते बहुधा दुसऱ्या बँकेतले हेच काम असेल, आणि तिथेही साडेआठला कॉन्कॉल असेल.

तिन्हीसांज

माझ्या यजमानांनी सहा वर्षांपूर्वी औषध कंपनीतली विक्रीची नोकरी अशीच सोडली. त्यांचा निर्णय चुकला असे मी आजही म्हणत नाही. पण तो मला सांगितला गेला, विचारला गेला नाही, आणि त्या फरकाचा त्रास पुढे पैशांपेक्षा अधिक झाला.

तुमच्या प्रश्नात पत्नीचा उल्लेख एका ओळीत आहे आणि ती ओळ तिच्या पगाराची आहे. हे टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. आमच्याकडेही तेच झाले होते. यजमानांच्या कागदावर माझा पगार "जमा" या रकान्यात होता, मी कुठेच नव्हते. नंतरच्या सात महिन्यांत दूधवाल्याला पुढच्या आठवड्यात देते असे मी सांगितले, माहेरच्या लग्नाला न जाण्याचे कारण मी शोधले, आणि सासूबाई फोनवर "अजून काही जमले नाही का?" हे मलाच विचारत. यजमान घरी होते, त्यांना विश्रांतीची गरजही होती, परंतु ते घरी असल्यामुळे घरकाम कमी झाले नाही, उलट दुपारचा एक स्वयंपाक वाढला. हे बोलायला आम्हाला पाच महिने लागले. त्यानंतर त्यांनी मुलाचा अभ्यास आणि रात्रीचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला.

म्हणून एवढेच सुचवते की, हिशेबाची वही पत्नीसमोर ठेवा आणि पेन तिच्या हातात द्या. किती महिने वाट पाहायची आणि त्यानंतर कोणतेही काम स्वीकारायचे, ती तारीख दोघांनी मिळून लिहा. आई-वडिलांना काय आणि केव्हा सांगायचे तेही दोघांनी ठरवा, आणि ते सांगण्याचे काम तिच्यावर ढकलू नका.

दारणाकाठ

उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मधे बरेच कागद काढावे लागले.

गृहकर्ज कर्मचारी सवलतीचेच आहे. साडेसहा टक्क्यांचा दर नोकरी सुटताच पावणेनऊ होईल. २४ लाख शिल्लक आणि सोळा वर्षे धरली तर हप्ता २०,१०० वरून सुमारे २३,३०० वर जातो. मूळ वेतन ३८,००० च आहे. वडिलांच्या विम्यासाठी वर्षाला साठ हजार आणि दवाखान्याची शिल्लक म्हणून एक लाख बाजूला ठेवले, तर ज्याला मी बारा महिने म्हणत होतो ते आठ निघाले.

वही पत्नीसमोर ठेवली. तिने पहिल्याच पानावर चूक काढली. तिची शाळा मे महिन्याचा पगार देत नाही. हे मला गेली तीन वर्षे माहीत असायला हवे होते. मग तिने स्वतःहून सांगितले की, माझ्या झोपेची काळजी तिला डिसेंबरपासून आहे आणि मी केव्हा बोलतो याची ती वाट पाहत होती. पुढच्या मार्चअखेरपर्यंत मनासारखे काम मिळाले नाही तर जे मिळेल ते घ्यायचे, असे आम्ही लिहून ठेवले आहे. रोखठोक यांचा सल्ला तेवढ्यापुरता पाळला जाईल.

डॉक्टरांना भेटलो. त्यांनी औषध सुरू केले आहे आणि पंधरा दिवसांची रजा लिहून दिली आहे. आजचा तिसरा दिवस आहे. काल पहिल्यांदाच साडेआठला फोन वाजला नाही आणि मी नऊपर्यंत झोपलो. रजेवरून परतल्यावर धडधड पुन्हा सुरू झाली तर ग्रॅच्युइटीचा मोह सोडून त्याच आठवड्यात पत्र द्यायचे, आणि तसे झाले नाही तर १७ ऑगस्टला द्यायचे, असे दोघांनी ठरवले आहे. सहकारी पतसंस्थांत आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांत कर्ज-तपासणीचे काम पाहण्यासाठी तीन ओळखीच्या माणसांना सांगूनही झाले.

हिशेबनीस, विम्याच्या स्थलांतराची चौकशी केली. अर्ज शेवटच्या दिवसाआधी आला पाहिजे, हे कंपनीने मेलवर कळवले आहे. आयुष्मानच्या कार्डासाठी मी वडिलांची सत्तरी पुढच्या फेब्रुवारीत धरली होती, कारण आजी त्यांचा जन्म महाशिवरात्रीचा सांगत असे. आधार कार्ड पाहिले तर गुरुजींनी शाळेत घातलेली १ जून हीच तारीख त्यावर आहे. म्हणजे कागदोपत्री ते पुढच्याच महिन्यात सत्तर वर्षांचे होतात. २ तारखेला गावी जाऊन कार्ड काढून घेतो.